लाकडी कोनमापक आणि ओला पंचा

"सोडा. अहो, सोडा तो. मांडा आहे, सासरी निघालेली लेक नाही. कवटाळून काय बसलात?"

सर ओरडत होते आणि मी दोन्ही हातांवर ओला पंचा पसरून एका पालथ्या माठापुढे बसले होते. पंच्याचं पाणी कोपरावरून ओघळून साडीत चाललं होतं. माठ गार होता. त्याच्याखाली चूल नव्हती, विस्तव नव्हता, साधी काडेपेटीसुद्धा त्या खोलीत नव्हती. तरी माझा उजवा हात माठापासून वीतभर अंतरावर येऊन असा थबकला होता, जशी म्हैस पुलावर अडते.

"सर, पंचा आहे हा," मी म्हणाले.

"मला मांडा दिसतोय. सोडा."

मी सोडला. पंचा माठाला ओलांडून गेला आणि पलीकडे भंगारातल्या ट्रकच्या सुट्या सीटवर बसून डाव्या पायाने क्लच दाबत असलेल्या चाचांच्या तोंडावर चपकन बसला. चाचा तीस वर्षं ट्रक चालवणारे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. त्यांनी पंचा काढलासुद्धा नाही. आतूनच म्हणाले, "अक्का, इस गरमी में अच्छा लगा. और एक मारो."

"क्लच थांबवू नका चाचा," सर म्हणाले. "घाट आहे."

घाट कुठला? आम्ही जळगावच्या पिंप्राळ्यात होतो, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत, एप्रिल महिन्यात, दुपारी. पण सरांनी घाट आहे म्हटलं की चाचांना घाट दिसायचा, आणि मला खापर दिसायचं. तशी सगळी मंडळी दिवसभर न दिसणाऱ्या गोष्टींपुढे घाम गाळत बसलेली असायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, आत नाटकाची तालीम चालली आहे.

सर म्हणजे शाळेतले नव्हेत. दुखण्यातून उठलेल्या माणसाला व्यायाम देऊन परत कामाला लावायचं, हा त्यांचा व्यवसाय. दाराच्या पाटीवर इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं होतं, पण शेजारच्या दुकानदाराने निम्म्या पाटीवर मोबाइल रिचार्जची जाहिरात चिकटवलेली. त्यामुळे लोक फोन घेऊन यायचे. सर त्यांनाही आत घ्यायचे, "मान किती वेळ खाली असते?" एवढं विचारायचे आणि लाकडी कोनमापक काढायचे. रिचार्जला आलेली तीन माणसं मानेचे व्यायाम करून गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. चौथा पळाला.

तो कोनमापक शाळेतला, फळ्यावर लावायचा, हातभर रुंद. डॉक्टर लोकांकडे सांधे मोजायला छोटं चकचकीत यंत्र असतं म्हणे, सरांकडेही होतं, पण ते त्यांनी कुठेतरी ठेवलं होतं आणि कुठे ते त्यांना आठवत नव्हतं. मग भंगारातून हा आणला. काखेत धरून फिरायचे. सगळं जग त्यांना अंशांत दिसायचं. चहा ओतणारा बघितला की म्हणायचे, "चाळीसात ओततोय, खांदा जाणार याचा." एकदा माझे मिस्टर मला घ्यायला आले आणि दारातून वाकून चप्पल काढायला लागले, तर सरांनी त्यांना तसंच वाकलेलं धरून ठेवलं आणि कंबर मोजली. मिस्टर त्या दिवसापासून रस्त्यावरच हॉर्न वाजवायचे.

बाकीचे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, कुठे दुखतं. सर विचारायचे, काम काय करता. मी गेले त्या दिवशीचं आमचं बोलणं असं झालं.

"काम काय करता?"

"हात दुखतो सर. उजवा. मनगट वळत नाही."

"ते मी विचारलं का?"

"मांडे करते. लग्नाकार्यात. खापरावरचे."

त्यांचा पेन थांबला. "करून दाखवा."

"इथे? कशाचे?"

"हवेचे."

ज्यांनी खापरावरचा मांडा होताना बघितला नाही, त्यांच्यासाठी सांगते. तार सुटेपर्यंत मळलेल्या कणकेत पुरण भरायचं. त्याचा उंडा पाटावर थोडा लाटायचा, मग लाटणं बाजूला ठेवायचं आणि तो हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर, पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, फिरवत फिरवत तो आपल्याच वजनाने वाढतो. ताटाएवढा होतो, मग परातीएवढा. माझा तर एकदा एवढा झाला होता की त्याच्या सावलीत दोन पोरं झोपली. आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मातीच्या खापरावर तो एका झटक्यात टाकायचा. त्या झटक्यातच सगळं आहे. मनगट सैल पाहिजे आणि मन त्याहून सैल. क्षणभर कचरलात की मांडा फाटतो.

मी हवेचे अकरा मांडे केले. सर स्टुलावर बसून बघत होते. मग कोनमापक माझ्या मनगटाला लावला. "पन्नास वळतंय. मांड्याला सत्तर लागतात. वीस अंश मी देतो. पण शेवटी तुम्ही हात आवरता. ते का?"

"सवय आहे सर."

"ही सवय असती तर पंचवीस वर्षं कोणी बोलावलं नसतं तुम्हाला."

मग सांगावं लागलं. पंचवीस वर्षं विस्तवापुढे बसले, काही झालं नाही. आणि हात मोडला तो स्कूटीवरून पडून. मिस्टर चालवत होते, मी मागे, मांडीवर हरभऱ्याच्या डाळीचं पोतं. समोर स्पीडब्रेकर आला. स्पीडब्रेकर कसला, सातपुड्यातला एखादा डोंगर चालत येऊन रस्त्यावर आडवा झाला होता. डाळ वाचली, मिस्टर वाचले, मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, छान जुळलंय, झालात बऱ्या. फोटोतला हात खरंच बरा झाला होता. माझ्या खांद्याला जो लटकत होता त्याला कोणी विचारलं नाही.

मी तशीच एका बारशाला मांडे करायला गेले. पहिलाच मांडा हातावर वाढवला, टाकायला गेले आणि मनगट मधेच अडलं. मांडा कोपराला गुंडाळला, हात खापरावर आदळला, भाजला, आणि खापर चुलीवरून खाली पडून दोन तुकडे. अंगणात चाळीस बाया. खापर फुटणं हे आमच्यात काय असतं, ते मी सांगत बसत नाही. त्या बाळाच्या आत्याने दुसऱ्या दिवशी बाळाची दृष्ट काढली, एवढं सांगते.

दुसरं खापर आणलं आणि त्याच्यापुढे माझी धाकटी जाऊ बसली. सुमन. स्वभावाने गोड आहे हो, पण मांडा असा करते की तो पांघरून झोपता येईल. आमचं काम आम्ही दोघी जावा मिळून करतो. खापरापुढे एकच बसते. दुसरी मागे बसून पुरण वाटते, उंडे भरते. खापरापुढच्या बाईला मांडवात नवरीच्या खालोखाल मान, आणि नवरीला तो एकच दिवस मिळतो, मला अख्खी लग्नसराई मिळायची. बारशापासून पुरण वाटायला मी होते. लोक सुमनच्या फोनवर ऑर्डरी द्यायला लागले होते. ती मला म्हणायची, "अक्का, तुमचं वय झालं आरामाचं." मी बावन्न वर्षांची. तिची माझी पाठोपाठची लग्नं.

सरांनी हे सगळं ऐकलं आणि वहीत लिहिलं. मी नंतर चोरून बघितलं. नाव नव्हतं, गाव नव्हतं. 'मांडे, उजवा. खापराची भीती. लग्नसराई संपायच्या आत.' एवढंच. वहीत कोणाचंच नाव नसायचं. 'क्लच, डावा.' 'केळीचे घड, कंबर.' 'कात्री, खांदा.' फोनही तसाच करायचे: "मांडे का? उद्या चार वाजता."

यातला 'कात्री, खांदा' हा सलूनवाला होता. खांदा आखडलेला, हात वर जायचा नाही. सरांनी त्याला व्यायाम दिला केस कापायचा. रोज एक डोकं. सरांचं डोकं सोमवारी. त्याचा हात डाव्या बाजूला जेवढा वर जाईल तेवढेच केस कापले जायचे, म्हणून सरांच्या डोक्याची उजवी बाजू अधिकाऱ्यासारखी आणि डावी बाजू बैराग्यासारखी. सर तसेच जळगावभर फिरायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, "पुढच्या महिन्यात पूर्ण होईल. प्रगती चांगली आहे." चाचा, केळीवाला, गवंडी नाना, सगळ्यांची डोकी अशीच. एकदा आम्ही सगळे मिळून बाहेर चहाला गेलो, तर चहावाल्याने हळूच विचारलं, कुठला पंथ.

गवंडी नाना परांचीवरून पडले होते. सरांनी त्यांना गिरणीचीच एक भिंत दिली. रोज प्लास्टर करायचं आणि दुसऱ्या दिवशी ते खरवडून पुन्हा करायचं. नाना प्लास्टर करायला तयार होते. खरवडायला तयार नव्हते.

"मी लावेल प्लास्टर मी काढत नही," नाना म्हणाले. "बापजन्मात काढं नही."

"पण नाना, हा व्यायाम आहे."

"व्यायाम तुमना शे. भित मनी शे."

व्यायाम सरांचा, भिंत नानांची. मग रोज प्लास्टरवर प्लास्टर. नाना बरे होऊन गेले, त्यांच्यामागे आणखी दोन गवंडी आले, त्यांनीही नानांचं काम मोडायला नकार दिला. भिंत आत आत येत गेली. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्या भिंतीपाशी दोन बाकडी आणि चाचांचा ट्रक मावत होता. मी निघाले तेव्हा चाचा एक पाय दाराबाहेर ठेवून घाट चढत होते. घरमालक अण्णा टेप घेऊन आले. लांबी मोजली, रुंदी मोजली, पुन्हा मोजली.

"सर, माझी खोली कुठे गेली?"

"आतच आहे," सर म्हणाले.

पुढे अण्णांनी उरलेली खोली परत मागितली आणि सर धुळ्याला गेले. तिथे त्यांनी म्हणे भंगारातली अर्धी बस आणून आत उभी केली आहे, कंडक्टरांच्या कमरेसाठी. चार पेशंट ती धरून हलवतात आणि पाचवा तिकिटं फाडतो. मी अजून बघितलेली नाही. पण खरं असणार, चाचांनी सांगितलंय, आणि चाचा माझ्यासारखं वाढवून सांगत नाहीत.

सरांचं कौतुक करायचं एकच माप होतं. "चालेल." त्याच्यापुढे कोणी गेलेलं मला माहीत नाही. आणि दुखण्याचे त्यांचे दोन प्रकार. मी 'आई गं' केलं की विचारायचे, "जुनं की नवं?" जुनं म्हटलं की चेहरा पडायचा. नवं म्हटलं की असे खुलायचे, पेढे वाटायचेच काय ते बाकी. "कुठे? वा. तिथे दुखायलाच पाहिजे." माझ्या खांद्याच्या मागे एका जागी पहिल्यांदा दुखलं, त्या दिवशी त्यांनी मला उसाचा रस पाजला.

आणखी एक त्यांचं. पेशंट गिरणीत बरा झाला म्हणजे बरा झाला, असं ते मानत नसत. तो जिथे काम करतो तिथे जाऊन, स्टूल टाकून, पूर्ण काम होईपर्यंत बघायचे, आणि मगच त्याला 'कामावर रुजू' असा कागद द्यायचे. एकदा साक्रीच्या बाजारात भांडी विकणारा एक पेशंट होता, कमरेचा. सर मोटारसायकलवरून साक्रीला गेले, त्याच्या दुकानासमोर स्टूल टाकलं, काखेत कोनमापक, हातात वही. तो वाकला की सर ओरडायचे, "गुडघे." आणि वहीत लिहायचे. अर्ध्या तासात आजूबाजूच्या लोकांची खात्री झाली की हा तपासणीला आलेला साहेब आहे. काटेवाल्यांनी काटे लपवले. पिशवीवाल्यांनी पिशव्या लपवल्या. एका म्हाताऱ्याने काही गुन्हा नसताना आपल्या कोंबड्या लपवल्या. दुपारपर्यंत त्या ओळीत भांडीवाला आणि सर, दोघंच उरले. त्या दिवशी त्याचा माल एवढा खपला की त्याने सरांना दर बाजाराला बोलावलं. सरांनी त्याला कागद दिला नाही. गर्दी नव्हती, म्हणाले, गर्दीत बघायला पाहिजे.

माझा पंचा महिनाभर चालला. मग खरं पीठ आलं. मी घरून मळून न्यायची, गार माठावर टाकायची. माठावर पडलेला मांडा भाजणार कसा, म्हणून शेजारच्या चहावाल्याच्या तव्यावर तुकडे भाजून सगळे खायचे. इथे जरा घोटाळा झाला. मनगट साठावर आलं, पासष्टावर आलं, आणि पेशंट कमी होईनात. केळीवाल्याची कंबर कधीच नीट झाली होती, पण चार वाजले की तो कमरेवर हात ठेवून दारात हजर. चाचांना डॉक्टरांनी वजन कमी करा सांगितलं होतं. त्यांचं चार किलो वाढलं. सर वैतागले. "चाचा, गुडघ्यावर भार येतोय."

"सर, अक्का का हाथ ठीक होना चाहिए कि नहीं? हम सिर्फ मदत कर रहे हैं."

मनगट सत्तरावर आलं त्या दिवशी सरांनी दोनदा मोजलं आणि म्हणाले, "चालेल." मी घरी जाऊन रडले. मिस्टरांना वाटलं, दुखतंय.

पण हात अजून थबकत होता. गार माठापुढे कमी, तरी थबकत होता. सर म्हणाले, "वीस अंश मी दिले. हे उरलेलं माझ्याकडे नाही. ते खापरापाशी आहे. तिकडेच जाऊ."

धरणगावला एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मुलीच्या बापाला आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांच्या घरचे तीन लग्नांचे मांडे मीच केलेले. हे चौथं, आणि मांडवात अर्धा तालुका. तिथे जी खापरापुढे दिसेल तिलाच पुढच्या ऑर्डरी मिळणार, हे मला माहीत होतं आणि सुमनलाही. भाऊ हाडाचे व्यापारी. त्यांनी बारशाची गोष्ट ऐकलेली होती.

"अक्का, तुम्ही बसा," ते म्हणाले. "तुमचा मान आहे. पण पाचशे पान आहे. पहिले दोन मांडे वाया गेले तर तिसऱ्याला सुमनताई बसतील. मग लग्न संपेपर्यंत त्याच. राग मानू नका."

राग कसला. रास्त होतं.

सकाळी नऊला चुली पेटलेल्या. मे महिना, ऊन असं की चूल पेटवायची खरं तर गरज नव्हती, खापर पायरीवर पालथं घातलं असतं तरी चाललं असतं. मागे दहाबारा बाया उंड्यांवर, सुमन माझ्या डाव्या हाताला. आणि समोर स्टूल टाकून सर. काखेत कोनमापक, डोक्यावर दोन तऱ्हांचे केस.

"हे कोण?" भाऊंनी विचारलं.

"माझे सर."

"शाळेतले?"

"मनगटाचे."

भाऊंनी आणखी विचारलं नाही. लग्नघरात वेळ नसतो.

पहिला मांडा घेतला. हातावर वाढला, सुंदर वाढला. या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत, पातळ असा की आरपार मांडवाच्या झालरी दिसत होत्या. बायांचे हात उंड्यांवरच थांबले. मी खापराकडे वळले. खालून धग आली, भाजलेल्या मातीचा वास आला, आणि उजवा हात उभा राहिला. अगदी म्हैस. मांडा माझ्या हातांवरून खाली खाली लोंबत गेला आणि मधोमध फाटला.

सरांनी वहीत लिहिलं.

दुसरा घेतला. एक म्हातारी मागून म्हणाली, "टाक ना बाई. बठ्ठ्या बाया देखी ऱ्हायन्यात." सगळ्या बाया बघत होत्या, तेच तर झालं होतं. दुसरा कोपराला गुंडाळला.

सुमन हळूच म्हणाली, "अक्का, ऱ्हाऊ द्या. तुमी उंडा भरा. कोणी काही म्हणणार नही." आणि सरकून जवळ आली. तिचं खोटं नव्हतं. कोणी काही म्हणणार नव्हतं, आणि मी आयुष्यभर उंडे भरणार होते. मी पाटावरून उठायला गुडघ्यावर हात टेकला.

तेवढ्यात सर उठले. कोनमापक स्टुलावर ठेवला, बाह्या वर केल्या. "दोन महिने बघतोय मी हे," ते म्हणाले. "द्या तो इकडे."

सुमनच्या पाटावर लाटून तयार होता तो त्यांनी उचलला. आणि काय सांगू, वाढवला हो. माझ्यासारखाच खांदा, माझ्यासारखाच कोपर, मी मधे नाक ओढते तेसुद्धा. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. मांडा ताटाएवढा झाला. सर खापराकडे वळले आणि त्यांनी झटका दिला. मनगट, मला वाटतं, पुरं नव्वद.

मांडा खापराच्या वरून गेला. तो हवेत होता तेवढ्यात मुंडावळ्या बांधणाऱ्या बायका मांडवात थांबल्या आणि बँडवाल्यांचा ताल चुकला. मग तो सुमनच्या डोक्यावर येऊन बसला. नीट, मधोमध, दोन्ही खांद्यांवर सारखा. सुमन नव्या नवरीसारखी दिसत होती, फक्त पदराच्या आत पुरण होतं.

"कोन चुकला," सर म्हणाले आणि त्यांनी दुसरा उचलला.

या वेळी ते जवळ गेले. फार जवळ. मांडा त्यांच्या हातांवर भराभर वाढत होता आणि ते लाल खापरावर असे वाकले होते की शर्ट पेटायला दोन बोटं राहिली होती. एक कडा पातळ होऊन लोंबायला लागलेली. पंचवीस वर्षांत माझ्यापुढे मांडा असा मरायला कोणी सोडला नव्हता.

"अहो, सरका," मी म्हणाले. म्हणाले कसली, जळगावपर्यंत ऐकू गेलं असेल. त्यांच्या दोन्ही हातांखाली हात घालून मी मांडा माझ्यावर घेतला आणि त्याच घेण्यात, त्याच वळण्यात, टाकला. विचार हाताचा नव्हता. खापराचा नव्हता. पीठ वाया जातंय, एवढाच होता.

मांडा खापरावर बसला. एक सुरकुती नाही. कडेला बुडबुडे आले, वास सुटला, मी तो उलटला. मग कोणी तरी पुढचा उंडा माझ्या पाटावर ठेवला. बघितलं तर सुमन. डोक्यावरचं पीठ तिने अजून झाडलेलं नव्हतं. "घ्या," ती म्हणाली, "हात बसी गया, आते थांबू नका."

पाचशे पान मी थांबले नाही. भाऊ दोनदा येऊन बघून गेले, दुसऱ्यांदा एक मांडा हातात घेऊन गेले, खात खात. सर स्टुलावर बसून ओरडत होते, "खांदा. खांदा खाली. अक्का, खांदा." बँडवाल्यांनी तोच ताल धरला. चार वाजता शेवटचा मांडा उतरला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत जीव नव्हता, आणि खांद्यामागे दोन नव्या जागी दुखत होतं. मी सरांना सांगितलं. ते खुलले.

सावलीत बसून त्यांनी वहीतलं पान फाडलं, मांडीवर ठेवून 'कामावर रुजू' असं लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते ब्लाउजमध्ये ठेवलं. सुमनने आम्हा दोघांना आमरस आणून दिला. सर बोटांना चिकटलेली कणीक खरवडत होते.

"सर," मी म्हणाले, "एक विचारू? तुम्ही तो मुद्दाम चुकवलात ना? माझा हात मोकळा करायला?"

त्यांनी एक बोट साफ केलं, दुसरं घेतलं.

"नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, मला येतं."